डॉ. एडवर्ड जेन्नर

एके काळी देवीच्या रोगाने घरेच्या घरे ओस पडत. आज तो रोग पृथ्वीवर नाही. ज्या पुरुषाने हे कार्य आरंभिले त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो. आईबापांस व शाळामास्तरांस त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

एडवर्ड जेन्नर ह्यांचा जन्म इंग्लंडात बर्कली गावी १७ मे १७४९ रोजी झाला. वडील तेथील पाळक होते. एडवर्ड पाच वर्षांचे असता आईबाप दोघेही निवर्तले. त्या काळी देवीपासून बचाव व्हावा म्हणून निरोगी माणसास देवीच्याच फोडातील पू टोचीत. त्याने आजार बहुधा सौम्य येई. तरी काहीजण दगावत, व इतरांसही रोग लागे. आठ वर्षांच्या एडवर्डास अशी टोचणी देण्यापूर्वी त्याचे रक्त काढिले, जुलाब दिले व वारंवार उपाशी ठेविले. मग इतर आजारी मुलांबरोबर त्यास तबेल्यात ठेविले. मूल वाचले, पण त्या पोरक्या जिवास केवढे भय सोसावे लागले असेल!

पुढे जेन्नर वैद्य होऊन बर्कलीस परतले. गाईंची धार काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर गाईच्या आचळांपासून फोड येत. त्यांस गोस्तन देवी म्हणतात. हे फोड येऊन गेले म्हणजे देवी येत नाहीत, असा गवळी लोकांचा समज होता. इतरांनी हसण्यावारी नेलेली ही गोष्ट जेन्नर ह्यांनी अनेक वर्षे तपासून पाहिली. १४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स ह्या गवळणीच्या हातावरील फोडातील लस आपल्या माळ्याच्या मुलास, जेम्स फिप्स ह्यास, टोचली. तोही आठ वर्षांचाच होता. जुलै महिन्यात त्यास देवीचा पू टोचून पाहिला, तरी रोग उद्भवला नाही. मुलावर अशी परीक्षा आज कोणी करणार नाही. परंतु जेन्नर त्यास विसरले नाहीत. पुढे त्यांनी त्यास राहावयास घर दिले. आपल्या बागेतील झोपडीत ते गोरगरिबांस फुकट लस टोचीत.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचण्यात आली. तिच्या दंडावरील लस घेऊन इतर मुलांस टोचली, आणि अशा रीतीने ती हिंदुस्थानात पसरली. जेन्नर २६ जानेवारी १८२३ रोजी वारले. हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला, आणि १९८० साली सर्व जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आज आपल्या देशात पाचसहा वर्षांच्या मुलांस घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांची, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प ह्यांची लस देतात. सुई क्षणभर टोचते, पुढे दंड एखाद दिवस दुखतो, एवढेच. आम्ही आईबापांस विनवितो की, खोडकर मुलास सुईचा धाक घालू नका, व काहीच दुखणार नाही असे खोटेही सांगू नका. काय होणार ते आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा, मूल उपाशी पाठवू नका, व टोचतेवेळी त्याचा हात धरून जवळ बसा. रडले तर हसू नका. लहानग्या एडवर्डाजवळ तबेल्यात त्याचे आईबाप नव्हते. आपल्या मुलांजवळ आपण आहोत.