प्रकाश वाचणारे पुण्याचे प्राध्यापक : कावसजी दादाभाई नायगमवाला



पाचवीच्या वर्गात सूर्यमाला शिकवत होते. सूर्यावर हायड्रोजन आणि हेलियम हे वायू आहेत, असं फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, की सूर्यावर अजून कोणी गेलेलंच नाही, तर तिथे कोणता वायू आहे हे कळलं कसं? खरं सांगते, त्या दिवशी मी उत्तर पुढच्या तासावर ढकललं. घरी येऊन शोधायला बसले तर उत्तराचा एक धागा आपल्या पुण्यातच सापडला. शिवाजीनगरला नदीकाठी जे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे एके काळी एक मोठी वेधशाळा होती. तिचे संचालक होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ त्यांना नावाने ओळखत. आज पुण्यात त्यांचं नाव फारसं कानावर पडत नाही. म्हणून हा पाठ.

आधी थोडं लाटांविषयी

चरित्र समजायला लाटा समजायला हव्यात. दोरीचं एक टोक खिडकीला बांधा, दुसरं हलवा. लाट पुढे जाते, दोरी मात्र जागच्या जागी वर-खाली होते. ध्वनीही असाच हवेतून पुढे सरकतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. पण त्याला माध्यम लागतं. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये जवळजवळ पोकळी आहे, त्यामुळे सूर्याचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येत नाही. समजा मध्ये हवा असती, तरी तो आवाज पोचायला सुमारे चौदा वर्षं लागली असती!

प्रकाशलहरीला माध्यम लागत नाही. ती सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते आणि सूर्यापासून आपल्याकडे साधारण सव्वाआठ मिनिटांत येते. प्रत्येक रंगाची लहर वेगळ्या लांबीची असते. तांबड्याची लांब, जांभळ्याची आखूड. हिरव्या रंगाच्या सुमारे २,००० लहरी एका मिलिमीटरमध्ये मावतात.

आता महत्त्वाची गोष्ट. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कोण बोललं हे आपल्याला आवाजावरून कळतं ना? तसंच प्रत्येक मूलद्रव्याचं असतं. तापलेला वायू ठरावीक लांबीच्याच लहरी बाहेर टाकतो. वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, या यंत्रातून पाहिलं की त्या वेगवेगळ्या रेघांसारख्या दिसतात. रेघा ओळखल्या की मूलद्रव्य ओळखलं. नायगमवालांनी आयुष्यभर हेच काम केलं.

शिक्षक ते वेधशाळेचे संचालक

त्यांचा जन्म १८५७ चा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. सरकारचीही मदत मिळाली. इतक्या पैशात चार यंत्रं घेऊन कपाटात ठेवता आली असती. आपल्या शाळांमध्येही साहित्य येतं आणि कपाटात बंद होतं, हे आपण पाहतोच. पण नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या जाणकारांशी बोलले आणि प्रयोगशाळेच्या जागी वेधशाळाच उभारायचं ठरवून परतले.

पुढे १८८५ मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. तिथे १८८८ मध्ये वेधशाळेची इमारत उभी राहिली आणि तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असं नाव मिळालं. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण तिथे बसली. त्या वेळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि ती आपल्या पुण्यात होती!

एका हिरव्या रेघेची गोष्ट

मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ एक अंधुक तेजोमेघ आहे. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसते. ती कशाची, यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. नॉर्मन लॉकयर हे त्या काळातलं फार मोठं नाव, 'नेचर' नियतकालिकाचे संस्थापक. त्यांचं मत असं, की तेजोमेघ उल्कांच्या थव्यांचे बनलेले आहेत आणि ही रेघ म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हतं.

हा पट्टा असता तर एका बाजूला हळूहळू फिका होत गेला असता. साधी रेघ असती तर दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या असत्या. नायगमवालांनी पुण्यातून ती रेघ वेगवेगळ्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा तपासली. प्रत्येक वेळी ती स्वच्छच दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. निष्कर्ष लॉकयर यांच्या विरुद्ध जात होता. पारतंत्र्यातल्या देशातला एक कॉलेज शिक्षक, आणि समोर एवढं मोठं नाव. तरी त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

ती रेघ कशाची, हे कोडं मात्र १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेघ होती. अतिविरळ वायूतच ती उमटते, म्हणून प्रयोगशाळेत कुणाला सापडली नव्हती.

जेऊरचं ग्रहण

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच आली होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, त्यासाठी तयारी केवढी! त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये छापला गेला.

याच ग्रहणासाठी लॉकयर विजयदुर्गला आले होते. विजयदुर्गावर १८६८ मध्ये हेलियमचा शोध लागला असं आपण मुलांना सांगतो. ते दुरुस्त करायला हवं. १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ लॉकयर यांनी इंग्लंडमधून पाहिली. किल्ल्यावर ते तीस वर्षांनी आले.

शेवट

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. १९३८ मध्ये त्यांचं निधन झालं. एका माणसाने उभं केलेलं काम त्याच्यासोबतच थांबलं. शाळेतला एखादा उपक्रमही त्या शिक्षकाची बदली झाली की थांबतो. आपण सुरू केलेलं पुढे चालवणारा कोणी तयार करतोय का, हा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारते.

वर्गात करून पाहा

१. जुनी सीडी ट्यूबलाइटच्या आणि साध्या बल्बच्या प्रकाशात तिरकी धरा. दोन्हींचे रंगपट्टे सारखे दिसतात का, ते मुलांना वहीत काढू द्या. सीडीवर सूर्यप्रकाश थेट डोळ्यांत जाईल असं मात्र करू नका.

२. पालकांनी स्वतः गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमटीभर मीठ टाकून दाखवावं. ज्योत पिवळी होते. मिठातला सोडियम असा बोलतो!

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हीच ज्योत दाखवली. सूर्यावर कोणी गेलं नाही, पण सूर्याकडून काहीतरी रोज आपल्याकडे येतं, हे त्याचं त्यानेच शोधून सांगितलं. तुमच्या वर्गात काय झालं तेही नक्की कळवा.