देह आणि विद्या जोपासणारा राजा

पाठाविषयी

कामधंदा आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या माणसाला दोन प्रश्न नेहमी पडतात. शिकण्याचे वय निघून गेले, आता कसे शिकावे, हा पहिला प्रश्न. दिवसभराच्या धावपळीत व्यायामाला वेळ कोठून काढावा, हा दुसरा. तंजावरचे सरफोजी राजे भोसले यांच्या चरित्रात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर सापडते. ज्या वयात मुलाने उन्हात खेळावे आणि अक्षरे गिरवावीत, त्या वयात सरफोजींना कोंडून ठेवण्यात आले होते. पुढे त्यांनी शरीरही कमावले आणि विद्याही मिळवली. हे त्यांनी कसे साधले, ते या पाठात पाहू.

राजवाडा आणि राजघराणे

तमिळनाडूमध्ये कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात तंजावर हे प्राचीन नगर वसले आहे. चोळ सम्राट राजराज याने बांधलेले बृहदीश्वराचे भव्य मंदिर ही या नगराची पहिली ओळख, तर राजवाडा ही दुसरी. हा राजवाडा नायक राजांनी उभारला आणि त्यांच्यानंतर आलेल्या मराठ्यांनी त्यात भर घातली. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ प्रजेच्या सान्निध्यात, या राजवाड्यात मराठी बोलली गेली, मोडीत कारभार लिहिला गेला आणि मराठीत नाटके रचली गेली.

याच घराण्याच्या एका शाखेत २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या जानेवारीत नऊ वर्षांच्या सरफोजींना विधिपूर्वक दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलाच्या संगोपनाची काळजी जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्यावर सोपवली होती.

अंधारातले बालपण

तुळजाजींच्या मागे त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी राज्य हाती घेतले. सरफोजींचे दत्तकविधान अशास्त्रीय ठरवण्यात आले आणि कंपनी सरकारनेही त्या वेळी अमरसिंहांच्या बाजूने कौल दिला. गादीवर हक्क सांगू शकणारा मुलगा अमरसिंहांना डोळ्यांसमोर नकोसा झाला. सरफोजींना राजवाड्यातच कोंडून ठेवण्यात आले. खोलीत धड उजेड येत नसे, मोकळ्या हवेत फिरण्याची मुभा नव्हती आणि त्यांच्या शिक्षणाची कोणी फिकीर करत नव्हते.

वाढत्या वयाच्या मुलावर अशा बंदिवासाचा काय परिणाम होतो, हे आजच्या विज्ञानाने स्पष्ट केले आहे. सूर्यप्रकाशामुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावर हाडांची बळकटी अवलंबून असते. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात, भूक मंदावते, झोप बिघडते आणि मन खिन्न होते. राजवाड्यात अन्नवस्त्राला तोटा नव्हता; परंतु ऊन, वारा, हालचाल आणि विद्या या चार गोष्टींवाचून तो राजपुत्र गरिबाच्या मुलाहूनही गरीब झाला होता.

श्वार्ट्झ यांनी ही हकिकत मद्रासच्या गव्हर्नरांपर्यंत पोहोचवली आणि मुलाला तेथून हलवण्याचा आग्रह धरला. अखेर १७९३ मध्ये तुळजाजींच्या विधवा राण्यांसह सरफोजींना मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, नेण्यात आले.

उशिरा सुरू झालेले शिक्षण

मद्रासला आले तेव्हा सरफोजी पंधरा वर्षांचे होते. त्या काळच्या राजपुत्राच्या दृष्टीने हे वय विद्यारंभाचे खासच नव्हे. तरीही गेरिके या धर्मोपदेशकांच्या देखरेखीखाली त्यांच्या नियमित शिक्षणाला तेथे सुरुवात झाली. मराठी ही घरची भाषा होती. तिच्या जोडीला संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी आली. पुढे इतर युरोपीय भाषांशीही त्यांचा परिचय झाला. गमावलेली वर्षे परत मिळत नाहीत; परंतु उरलेल्या प्रत्येक दिवसाचा उपयोग करता येतो, हे त्यांनी मनोमन जाणले असावे. शिकण्याची ही सवय त्यांनी अखेरपर्यंत मोडली नाही.

दरम्यान दत्तकविधानाची पुन्हा चौकशी झाली. काशी आदी ठिकाणच्या पंडितांचे मत घेण्यात आले आणि ते शास्त्रसंमत ठरले. जून १७९८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. ज्यांच्या खटपटीमुळे हा दिवस उगवला, ते श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन पावले होते. आपल्या या गुरूचे संगमरवरी स्मारक राजांनी लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये पाहावयास मिळते.

सत्ता गेली, कार्य उरले

गादी मिळाली, पण राज्य मिळाले नाही. १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो राजवाडा, किल्ल्याचा परिसर, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा काही हिस्सा. अशा स्थितीत सापडलेले कित्येक संस्थानिक पुढे ऐषारामात आणि आळसात बुडाले. फौज नाही, स्वारी नाही, कारभाराची जबाबदारी नाही. मग देहाला आणि बुद्धीला काम तरी कशाचे?

सरफोजींपुढे हाच धोका होता. लहानपणी त्यांना दुसऱ्याने कोंडले होते; आता वैभवाच्या गादीवर ते स्वतःलाच कोंडून घेऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. उरलेल्या मर्यादित क्षेत्राला त्यांनी कार्यक्षेत्र बनवले आणि शरीर व बुद्धी दोन्ही राबती ठेवली.

याची साक्ष एका परक्या पाहुण्याने दिली आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२६ मध्ये तंजावरला आले आणि चार दिवस राजांच्या सहवासात राहिले. तेव्हा राजे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. हेबर यांना बळकट बांध्याचा, ससाण्यासारख्या तीक्ष्ण नजरेचा, दाट पिकल्या मिशांचा रुबाबदार पुरुष दिसला. एखाद्या फ्रेंच सेनापतीची आठवण व्हावी, असे त्यांना वाटले. हे राजे लव्हाझिए आणि लिनिअस यांसारख्या शास्त्रज्ञांच्या ग्रंथांवर अधिकाराने बोलत आणि शेक्सपिअरच्या काव्याची मर्मज्ञतेने चर्चा करत. घोड्याची पारख करावी ती त्यांनीच, आणि वाघावर न डगमगता अचूक नेम धरावा तोही त्यांनीच, असा आसपासच्या इंग्रज अधिकाऱ्यांत त्यांचा लौकिक होता.

अंधाऱ्या खोलीत वाढलेला मुलगा आणि हा पन्नाशीकडे झुकलेला बळकट पुरुष एकच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्णनाचे महत्त्व कळते. घोडा आणि बंदूक ही काही एका दिवसात साधणारी विद्या नव्हे. मांड पक्की राहण्यासाठी मांड्या आणि पाठ यांत बळ लागते. नेम स्थिर राहण्यासाठी खांदा, श्वास आणि चित्त स्थिर लागते. ही कमाई वर्षानुवर्षांच्या सवयीतूनच टिकते. घोडदौड आणि शिकार हा राजांच्या जीवनक्रमाचाच भाग होता. म्हणून व्यायाम त्यांना वेगळा भार वाटण्याचे कारण नव्हते.

धन्वंतरी महाल

स्वतःचे आरोग्य सांभाळून राजे थांबले नाहीत. त्यांनी धन्वंतरी महाल ही संस्था उभी केली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करत. औषधे तयार होत, रोग्यांवर उपचार होत आणि कोणत्या उपायाने गुण आला याची नोंद ठेवली जाई. या अनुभवातून तमिळ पद्यात वैद्यकग्रंथ रचले गेले. ते शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ओळखले जातात. डोळ्यांच्या विकारांकडे तर राजांनी विशेष लक्ष दिले. चाळीसहून अधिक नेत्ररोग्यांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

ज्या आयुर्वेदाचा येथे अभ्यास होत असे, त्यात औषधाच्या आधी दिनचर्येला स्थान आहे. पहाटे उठणे, दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, स्नान आणि मग आहार असा तो क्रम आहे. व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीपर्यंत करावा, थंडीत आणि वसंतात नेहमीप्रमाणे करावा, इतर ऋतूंत बेताने करावा, असा वाग्भटाचा उपदेश आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी व्यायामाला आंघोळ आणि जेवण यांच्याच पंक्तीत बसवले होते. जे रोज करावयाचे, त्यासाठी वेगळा वेळ शोधावा लागत नाही.

मिळाले ते इतरांना दिले

ज्या गोष्टींपासून आपण बालपणी वंचित राहिलो, त्या इतरांना मिळाव्यात अशी राजांची तळमळ त्यांच्या प्रत्येक कार्यात दिसते. त्यांनी नवविद्या कलानिधी शाळा काढली. तेथे पारंपरिक शास्त्रांबरोबर भाषा आणि नवीन विज्ञाने शिकवली जात. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी मुद्रणालय सुरू केले. दक्षिण भारतातील हा अशा प्रकारचा आरंभीचा उद्योग होता. त्यातून इसापनीतीचा मराठी अनुवाद छापला गेला. जगाचा भूगोल सांगणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक त्यांनी स्वतः लिहिले.

प्रवाशांसाठी बांधलेल्या छत्रांतही त्यांनी विद्या आणि आरोग्य यांची सांगड घातली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे आणि आजाऱ्यांवर उपचार होत. कंपनीच्या नव्या व्यवस्थेत ही छत्रे बंद पडतील, अशी भीती निर्माण झाली होती. तेव्हा १८०१ मध्ये राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून त्यांच्या रक्षणाची कळकळीची विनंती केली. राज्य गेल्याचे दुःख त्यांनी गिळले होते. परंतु वाटसरूंचा आधार तुटू देण्यास ते तयार नव्हते.

राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय ही त्यांची सर्वांत मोठी देणगी होय. पूर्वजांचा ग्रंथसंग्रह त्यांनी अनेक पटींनी वाढवला. १८२० मध्ये सुमारे तीन हजार माणसांचा परिवार घेऊन ते काशीयात्रेला निघाले. आगगाडी नसलेल्या त्या काळात एवढा दूरचा प्रवास करून ते परतले, तेव्हा तीर्थाबरोबर दुर्मिळ हस्तलिखितेही घेऊन आले.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या पश्चात १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. राज्य संपले, ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

चरित्राचा बोध

आपल्यापाशी राजांचे घोडे नाहीत आणि वाघाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. परंतु त्यांची खरी शिदोरी, नियमितपणा, कोणालाही घेता येते. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालले, तरी हा हिशेब पूर्ण होतो. तो अर्धा तास दहा-दहा मिनिटांत विभागला तरी चालतो. कामावर जाताना एक थांबा आधी उतरून चालावे, जिने चढावेत, सकाळी काही सूर्यनमस्कार घालावेत. आठवड्यातून दोन दिवस बैठका किंवा जोर यांसारखा बळाचा व्यायाम करावा. दीर्घ आजार असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि आरंभ बेताने करावा.

वाचनाचेही तसेच आहे. रोजची दोन पाने वर्षाअखेरी मोठा ग्रंथ होतात. पंधराव्या वर्षी बंदिवासातून सुटलेल्या सरफोजींनी हे जाणले. म्हणूनच हातून राज्य गेले तरी त्यांच्या हाती आरोग्य आणि विद्या राहिली, आणि ती त्यांनी प्रजेतही वाटली.

शब्दार्थ

दत्तकविधान : मूल दत्तक घेण्याचा विधी
छत्र : यात्रेकरूंसाठी मोफत निवास व अन्नाची जागा
अभ्यंग : अंगाला तेल लावून चोळणे
मांड : घोड्यावर बसण्याची पक्की बैठक
खालसा होणे : संस्थान सरकारच्या ताब्यात जाणे
शिदोरी : प्रवासात बरोबर घेतलेले अन्न, येथे, उपयोगी पडणारा ठेवा

स्वाध्याय

१. बालपणी सरफोजींना कोणकोणत्या गोष्टींपासून वंचित राहावे लागले?
२. १७९९ च्या तहानंतर राजांपुढे कोणता धोका होता? त्यांनी तो कसा टाळला?
३. धन्वंतरी महालाच्या कार्याची माहिती आपल्या शब्दांत लिहा.
४. आपला एका दिवसाचा कार्यक्रम लिहून काढा. त्यात व्यायाम आणि वाचन कोठे बसवता येईल, ते सांगा.