लेलँड सी. क्लार्क
लेलँड सी. क्लार्क, ज्युनियर (४ डिसेंबर १९१८ – २५ सप्टेंबर २००५) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. रक्तातील प्राणवायू मोजणारे विद्युत अग्र आणि त्यावर आधारलेला ग्लुकोज संवेदक यांसाठी ते ओळखले जातात. जैवसंवेदकांचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे त्यांचा जन्म झाला. रॉचेस्टर विद्यापीठातून १९४४ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयात संशोधन करू लागले. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळणारे यंत्र त्यांनी तेथे तयार केले. मात्र त्यातून निघणाऱ्या रक्तात प्राणवायू नेमका किती, हे दाखवता न आल्याने त्यांचा शोधनिबंध नाकारला गेला. तसे मोजण्याचे सोयीचे साधनच तेव्हा नव्हते. ते त्यांनी १९५४ मध्ये स्वतः घडवले. प्लॅटिनमचे अग्र व संदर्भ अग्र ही दोन्ही त्यांनी पॉलिथिलीनच्या एकाच पातळ पटलाआड बसवली. पटलातून प्राणवायू आत जाई, परंतु रक्तपेशी व प्रथिने धातूपर्यंत पोहोचत नसत.

मधुमेहाच्या दृष्टीने पुढचा टप्पा निर्णायक ठरला. अलाबामा विद्यापीठात असताना, १९६२ मध्ये शल्यचिकित्सक चॅम्प लायन्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी या अग्राला ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) जोड देण्याची कल्पना मांडली. हे विकर ग्लुकोजचे रूपांतर करताना प्राणवायू खर्च करते. त्यामुळे साखर जितकी अधिक, तितका अग्रापर्यंत पोहोचणारा प्राणवायू कमी. याच तत्त्वाच्या विस्तारातून १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीचे ग्लुकोज विश्लेषक बाजारात आले.

क्लार्क यांनी स्वतः इन्शुलिन सोडणारे उपकरण घडवले नाही, तरी अशा उपकरणांचा पाया त्यांच्याच संवेदकात आहे. १९७० च्या दशकातील बायोस्टेटर हे रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवण्याचे अवजड यंत्र विकराधारित संवेदकाने साखर मोजून आपोआप इन्शुलिन देत असे. काही प्रायोगिक उपकरणांत तर विद्युत मंडलही नसते: त्याच विकरापासून तयार होणाऱ्या ग्लुकॉनिक आम्लामुळे भोवतालचे जेल फुगते वा आकसते आणि त्यात साठवलेले इन्शुलिन बाहेर पडते. त्वचेखालील ऊतींत प्राणवायू कमी असल्याने ही क्रिया मंदावते, ही त्यातील मोठी अडचण आहे.

१९६६ मध्ये क्लार्क यांनी फ्रँक गोलन यांच्यासह, प्राणवायुयुक्त फ्लुरोकार्बन द्रवात बुडवलेले उंदीर श्वसन करू शकतात हे दाखवून दिले. १९६८ पासून ते सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात संशोधन करत होते. निधनाच्या वर्षीच त्यांना अभियांत्रिकीतील रस पारितोषिक मिळाले.