मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने आपण शाळेतील गुरुजनांचे स्मरण करीत आहोत. या स्मरणात आणखी एका गुरूचे नाव जोडावेसे वाटते. त्यांच्या शाळेला भिंती नव्हत्या. तांबडी माती आणि तिच्यात रोवलेला एक लाकडी खांब एवढेच तिचे वैभव होते. तथापि त्या खांबाभोवती त्यांनी उभी केलेली शिष्यपरंपरा दोनशे वर्षांनंतरही खंडित झालेली नाही. ते गुरू म्हणजे मल्लखांबविद्येचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर.

चीनमधील पारंपरिक युद्धविद्यांत गुरुपरंपरेला मोठा मान आहे. आपण कोणाचे शिष्य, आपला गुरू कोणाचा शिष्य, हे सांगता आल्याखेरीज तेथे विद्यार्थ्याची ओळख पूर्ण होत नाही. शाओलिन मठाची परंपरा तर आपले मूळ भारतातून गेलेल्या बोधिधर्म नावाच्या भिक्षूपर्यंत नेते. इतिहासकार ही कथा उत्तरकालीन मानतात, पण शिष्यांच्या मनातील तिचे स्थान त्यामुळे ढळलेले नाही. दक्षिण चीनमधील विंग चुन या पद्धतीत शिष्य एका लाकडी पुतळ्याला प्रतिस्पर्धी मानून तासन्तास सराव करतो. लाकूड थकत नाही, रागावत नाही आणि शिष्याची चूकही झाकत नाही. आपल्याकडील मल्लखांबामागे नेमकी हीच दृष्टी आहे. मल्ल म्हणजे कुस्तीगीर. ज्या खांबाला मल्ल समजून त्याच्याशी झुंजावयाचे, तो मल्लखांब.

बेंगळुरूत राहणाऱ्या आपणां मराठी भाषकांना या विद्येविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटावी. तिचा जुना उल्लेख सापडतो तो कर्नाटकाच्या भूमीत. कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथे राज्य करणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या दिनक्रमाचे वर्णन करताना भार उचलणे, चालणे, पोहणे यांच्याबरोबरच स्तंभश्रम हाही एक व्यायाम सांगितला आहे. तथापि ग्रंथात नाव राहिले म्हणून विद्या जिवंत राहते असे नाही. ती हातात हात धरून शिकविणारा कोणीतरी असावा लागतो. पुढील कित्येक शतके स्तंभश्रमाचा फारसा मागमूस लागत नाही. त्याला नवा जन्म मिळाला तो पुण्यात, पेशवाईच्या उतरत्या काळात.

बाळंभटदादांचा जन्म साधारणतः १७८० च्या सुमाराचा मानला जातो. त्यांच्या चरित्राची कागदोपत्री साधने थोडी आहेत. जे काही आपल्यापर्यंत आले आहे, ते बहुतांशी आखाड्यांतून, शिष्यांच्या तोंडून आले आहे. दुसरे बाजीराव १७९६ साली पेशवेपदावर आले. त्यांच्या दरबारी निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब या नावांचे दोन नामांकित पहिलवान आले आणि त्यांनी पुण्यातील मल्लांना आव्हान दिले, असे परंपरा सांगते. त्यांचे देह पाहून कोणी पुढे येईना. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले, मात्र तयारीसाठी काही अवधी मागून घेतला.

तो अवधी त्यांनी नाशिकजवळील वणीच्या सप्तशृंगी गडावर घालविला. देवीची आराधना करीत असता तिच्या कृपेने मारुतीरायांनी दर्शन दिले आणि लाकडी खांबावर कुस्तीचे डाव कसे घोटावेत ते प्रत्यक्ष करून दाखविले, अशी कथा आहे. परत आल्यावर बाळंभटांनी अलीला चीत केले, आणि ते पाहून गुलाबाने आखाड्यात उतरण्याचेच नाकारले. बाजीरावांनी त्यांचा सन्मान केला आणि स्वतःही त्यांच्यापाशी व्यायामाचे धडे घेतले.

या कथेतील दैवी भाग श्रद्धेचा आहे आणि तो तसाच असू द्यावा. परंतु तिच्यात एक व्यावहारिक शहाणपणही दडलेले आहे. ज्याचे वजन आणि बळ आपल्याहून कितीतरी अधिक आहे, त्याच्यापुढे केवळ बळ वाढवून निभाव लागत नाही. तेथे पकड, चपळाई, तोल आणि श्वासावरील ताबा यांचीच गरज भासते. झाडाच्या बुंध्यावर क्षणात चढणाऱ्या व उलटे लटकणाऱ्या वानराचे चापल्य माणसाने आत्मसात करावे, असा या विद्येचा हेतू आहे. तिचे दैवत मारुती असावे, यात नवल नाही.

मल्लखांबाची घडण पाहिली म्हणजे हा विचार अधिक स्पष्ट होतो. साग किंवा शिसवीचा हा खांब जमिनीपासून अडीच मीटरांहून थोडा अधिक उंच असतो. बुडाशी जाड असलेला खांब वर निमुळता होत जातो आणि शेवटी बोंडापाशी संपतो. त्याला एरंडेल चोळलेले असते, म्हणून घर्षणाने अंग सोलवटत नाही. मात्र पकड ढिली झाली तर खांब क्षमा करीत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा हे प्रकार साधावयाचे तर मांड्या, पोटऱ्या, काख आणि हात यांनी खांबाला प्रतिस्पर्ध्यासारखे जखडावे लागते. पुरलेल्या खांबाच्या जोडीला टांगता मल्लखांब आणि वेताचा मल्लखांबही रूढ झाला. पुढे लांब वेत मिळेनासे झाले, तेव्हा त्यांची जागा दोरीने घेतली.

अलीवरील विजय हा बाळंभटदादांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग खरा, पण त्यांच्या थोरवीची कसोटी लागली ती पुढे. ३ जून १८१८ रोजी बाजीरावांनी सर जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली. पेशवाई संपली. सालीना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर बाजीरावांना गंगातीरी, कानपूरजवळील ब्रह्मावर्त ऊर्फ बिठूर येथे पाठविण्यात आले. ज्या दरबाराने विद्येला आश्रय दिला, तो दरबारच उरला नाही. शस्त्रे धरणाऱ्यांना लढाया राहिल्या नाहीत आणि मल्लांना आश्रयदाता राहिला नाही. त्या काळात कित्येक कला अशाच, आश्रयाबरोबर, मावळल्या.

बाळंभटदादा धन्याबरोबर बिठूरला गेले. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, परक्या बोलीच्या प्रदेशात, त्यांनी पुन्हा माती चाळली आणि खांब रोवला. आव्हान देणारा अली आता समोर नव्हता, बक्षीस देणारी गादीही नव्हती. समोर होती ती केवळ मुले. त्यांना शिकवीत राहणे एवढेच हाती होते, आणि ते त्यांनी केले. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी म्हणून विख्यात झालेली मोरोपंत तांब्यांची मनू या सर्वांनी बिठूरच्या आखाड्यात मल्लखांबाचे धडे गिरविले, असे परंपरा सांगते. १८५७ च्या रणांगणावर या नावांनी काय केले, ते सर्वश्रुत आहे.

तथापि विद्येच्या दृष्टीने पाहिले तर प्रसिद्धी न लाभलेले शिष्यच अधिक मोलाचे ठरले. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे ही नावे मल्लखांबाच्या गुरुपरंपरेत आजही आदराने घेतली जातात. अशा शिष्यप्रशिष्यांमुळे ही विद्या काशीच्या आखाड्यांत रुजली आणि कालांतराने महाराष्ट्रातील गावोगावच्या व्यायामशाळांत पोहोचली. पुण्याहून निघालेली विद्या गंगाकाठी वाढून पुन्हा माहेरी परतली, असेच म्हणावे लागेल.

पुढील इतिहास या परंपरेची चिकाटी दाखवितो. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैन येथे झाली. मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा परदेशांतील तरुण-तरुणी त्याच अढ्या आणि त्याच फिरक्या घेताना दिसल्या. एके काळी पुरुषांच्या आखाड्यापुरत्या मर्यादित असलेल्या या विद्येत आज दोरीच्या मल्लखांबावर मुली अग्रभागी आहेत.

बाळंभटदादांनी ग्रंथ लिहिला नाही, संस्थान स्थापिले नाही. त्यांचे विश्वासार्ह चित्रही आपल्यापाशी नाही. शिष्य हेच त्यांचे लेखन होय. राज्य गेले, गाव सुटले, भोवतीची भाषा बदलली, तरी शिकविणारा आणि शिकणारा समोरासमोर उभे असले की विद्या टिकते, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले.

कन्नडभूमीत मराठी शाळा चालविणाऱ्यांना आणि तेथे आपली मुले धाडणाऱ्या पालकांना हा धडा निराळा समजावून सांगावयास नको. साठ वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा पहिला वर्ग भरला, तेव्हा येथेही एक खांब रोवला गेला होता. त्यावर चढून गेलेल्या पिढ्या आज जगभर विखुरल्या आहेत. खांबाला वेळोवेळी एरंडेल लावीत राहणे आणि नव्या मुलाला त्याच्यापाशी आणून उभे करणे, हे काम आता त्यांच्याकडे आले आहे. आद्यगुरूंना वंदन करण्याची याहून योग्य रीत दुसरी नाही.