मेजर कँडी यांचा स्वल्पविराम

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मेजर कँडी हे नाव एका गुणापुरते ठाऊक असते. मराठीत विरामचिन्हे कोणी रुजवली, या प्रश्नाचे ते उत्तर. चार पर्यायांतून बरोबर पर्यायावर खूण करून मुले पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि या गृहस्थाची कहाणी तेथेच संपते. वास्तविक ज्या अभ्यासिकेत हा प्रश्न सुटतो, तिथून विश्रामबागवाडा पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या याच वाड्यातील पाठशाळेची देखरेख या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याची हयात मराठी वाक्ये तपासण्यात, दुरुस्त करण्यात आणि नीटनेटकी करण्यात गेली.

टॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉइल या गावी झाला. १८२२ मध्ये ते हिंदुस्थानात आले. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि नव्या सरकारला रयतेची भाषा जाणणाऱ्या माणसांची निकड होती. कँडी लष्करात दुभाष्या आणि क्वार्टर मास्टर म्हणून दाखल झाले. मराठीचा अभ्यास हा प्रथम नोकरीचाच भाग होता. पुढे तो छंद बनला, आणि मग नोकरी कोणती व छंद कोणता हे सांगणे कठीण व्हावे, इतका तो वाढला.

त्या काळी जेम्स मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात बुडालेले होते. टॉमस आणि त्यांचे भाऊ जॉर्ज हे दोघेही त्यांच्या मदतीला आले. शब्द गोळा करणारे व त्यांची पारख करणारे शास्त्री-पंडित एतद्देशीय होते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. कोशाच्या मुखपृष्ठावरील नावांमागे त्यांची नावे झाकली गेली आहेत. हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. लगोलग इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती घेण्यात आले, पण प्रकृती ढासळल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी परतले. अर्धवट राहिलेले ते काम कँडी यांच्यावर पडले. इतर जबाबदाऱ्या सांभाळून त्यांनी ते १८४७ मध्ये पूर्ण केले. दुसऱ्याने मांडलेला डाव निमूटपणे तडीस नेण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढच्या सर्व कामात दिसते.

१८३७ मध्ये ते पुण्याच्या पाठशाळेचे पर्यवेक्षक झाले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली ही संस्था संस्कृत विद्येसाठी होती. १८५१ मध्ये तिचा आणि इंग्रजी शाळेचा संयोग होऊन पूना कॉलेज उभे राहिले (पुढचे डेक्कन कॉलेज ते हेच), तेव्हा त्याची सूत्रेही कँडी यांच्याकडे आली. नंतर सरकारच्या शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केले. शाळांसाठी तयार होणारी मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. मराठी गद्याची आजची घडी ज्या टेबलावर बसली, ते हे टेबल.

ती घडी बसण्यापूर्वी काय होते, ते समजून घेतले पाहिजे. मोडी लिपीत लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग त्या रेघेला लागून बोरू न उचलता अक्षरे काढत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडी पाळत नसे. बाळबोधीतील जुन्या पोथ्यांतही अक्षरे सलग लिहिलेली असत आणि थांबायचे कुठे, याची खूण एका किंवा दोन दंडांपुरती. समजा, एखाद्या कागदावर रामाचाकर अशी पाच अक्षरे आहेत. ती रामा चाकर अशी वाचली, तर तो एक नोकर आहे. रामाचा कर अशी वाचली, तर ती सरकारात भरायची रक्कम आहे. मुरलेल्या कारकुनाला अशी अडचण क्वचितच येत असे, कारण मागचापुढचा संदर्भ त्याच्या डोक्यात पक्का असे. पण शाळेतल्या आठ वर्षांच्या मुलाकडे तो संदर्भ कुठून असणार?

छापखान्याने या प्रश्नाला वेगळे रूप दिले. खिळे जुळवताना दोन शब्दांत अंतर हवे असेल, तर तिथे अक्षर नसलेला कोरा खिळा मुद्दाम बसवावा लागतो. म्हणजे रिकामी जागासुद्धा कोणीतरी ठरवून घालावी लागते. मग लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात. घरा मध्ये की घरामध्ये? रामा ने की रामाने? हिंदीने ने, को, से ही अक्षरे नामापासून तोडून लिहिणे पसंत केले; मराठीने प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले आणि शब्दांच्या जाती, त्यांची रूपे यांची चर्चा सुरू झाली. मात्र शब्दाच्या पलीकडची, वाक्याच्या अंगाची व्यवस्था अद्याप सैल होती. इंग्रजी धर्तीच्या खुणा छापील मजकुरात तुरळक दिसत, पण त्या कुठे घालायच्या याला नियम नव्हता आणि त्यांना सर्वमान्य नावेही नव्हती.

विरामचिन्हांची परिभाषा हे कँडी यांचे छोटेसे पुस्तक १८५० मध्ये आले. त्यात मोठा सिद्धांत नाही. वाचताना कुठे किती थांबावे, प्रश्न कसा ओळखावा, वाक्य संपले हे कसे कळावे, एवढाच त्याचा पसारा. पण पुस्तकापेक्षा महत्त्वाचे होते ते लेखकाचे स्थान. ज्याच्या टेबलावरून शाळांची पुस्तके जातात, त्याने घातलेला स्वल्पविराम हा निव्वळ सल्ला राहत नाही. तो वर्गावर्गांतून हजारो मुलांच्या हाताला वळण लावतो. भाषणसांप्रदायिक वाक्ये, हिंदुस्थानचे वर्णन, वाचनपाठमाला अशी पुस्तके त्यांनी १८५८ ते १८६३ या काळात दिली. इंडियन पीनल कोडचे मराठी भाषांतरही त्यांचेच. १८६० चा तो कायदा १८६२ पासून अमलात आला. कायद्याच्या कलमात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तर गुन्ह्याची व्याप्ती बदलते. तेव्हा या कामाला केवळ टापटीप म्हणून बाजूला सारता येत नाही.

या जातीच्या कामाचा एक अवतार आजच्या पुण्यातही आहे. संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेला मजकूर, वर्षानुवर्षे अनेकांच्या हातून वाढत जातो. त्यातील फाइल सिस्टीम हा भाग तर संगणकाचे दफ्तरच होय: कोणता कागद कोणत्या रुमालात ठेवला आहे, याची नोंद तिथे असते. लिनक्ससारख्या प्रणालीत या मजकुरातील ओळींच्या शेवटी राहून गेलेल्या कोऱ्या जागा काढणे आणि टॅब व स्पेस यांची सरमिसळ मिटवणे, असली सफाई कोणी ना कोणी सतत करत असते. सी भाषेत लिहिलेल्या या मजकुरातील कोऱ्या जागांच्या कमीजास्तपणाने यंत्राला सहसा काही फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढे वाचणाऱ्या माणसाला. तरीही निव्वळ सफाईसाठी केलेले बदल जुन्या जाणत्यांना पुष्कळदा रुचत नाहीत. ओळ मुळात कोणी, कशासाठी लिहिली, याचा माग अशा बदलांखाली दबतो आणि शेवटची नोंद सफाई करणाऱ्याच्या नावावर होते, ही त्यांची तक्रार. कँडी यांच्याबद्दलची तक्रार फार निराळी नव्हती. फक्त त्यांच्यापुढचा मजकूर यंत्रासाठी नव्हता, आणि तिथे खूण बदलली की अर्थाचा तोलही बदलत होता.

बखरीतले किंवा पत्रव्यवहारातले जुने मराठी गद्य विरामचिन्हांवाचून अडत नव्हते. त्याचे थांबे शब्दांतच होते. क्रियापद आले की वाक्य संपले. कोणाचे बोलणे संपले, हे असे किंवा म्हणून या शब्दाने कळे. जर-तर, जो-तो या जोड्या वाक्याचे दोन खांब धरून ठेवत. वाक्ये आखूड, एकामागून एक चालणारी. इंग्रजी शिकलेल्या संपादकाच्या हाती हाच मजकूर गेला, की स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्या आधाराने वाक्य लांबवण्याची सोय झाली. पोटवाक्ये शिरली, क्रियापद दूर ढकलले गेले. लेखक कोणीही असो, तपासून आलेले पुस्तक एकाच चालीचे वाटू लागले. शाळकरी मुलाला हे वरदान होते यात शंका नाही. मात्र ज्याच्या कानात जुनी चाल होती, त्याला ती परक्या कवायतीसारखी वाटली असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

ही बोच उघडपणे बोलून दाखवली ती नव्या पिढीने. कृष्णशास्त्री चिपळूणकर विश्रामबागेतील पाठशाळेतच तयार झाले होते आणि भाषांतराच्या कामात त्यांचा कँडी यांच्याशी निकटचा संबंध आला. त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी जानेवारी १८७४ मध्ये पुण्यातून निबंधमाला सुरू केली आणि इंग्रजी वळणाच्या, भाषांतरी मराठीवर कठोर प्रहार केले. मराठीचे शुद्धाशुद्ध मराठी माणसानेच ठरवावे, ही त्यामागची भूमिका होती. ती रास्तच होती. परंतु मालेतील कोणताही निबंध उघडून पाहावा: जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनावर पोसलेली ती भरघोस वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम काढून घेतले, तर एक पाऊलही चालणार नाहीत. कँडी यांनी घालून दिलेल्या खुणांचा मराठीत इतका समर्थ उपयोग स्वतः कँडी यांनीही केला नव्हता. त्यांचे स्वतःचे गद्य बिनचूक आहे, पण कोरडे. कोणी ते आवडीने पुन्हा वाचायला घेईल, असे वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र या वादात झाकली जाऊ नये. मोल्सवर्थ १८५१ मध्ये परत आले आणि कोशाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. सुमारे ६० हजार शब्दांचा तो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. त्यात ग्रंथातील संस्कृत शब्दांबरोबर कुणब्याच्या, कारागिराच्या, बायकांच्या बोलण्यातले शब्द आदराने जपले आहेत. ज्या भाषेला शाळेच्या पुस्तकात शिस्त लावायची, तिच्याच मोकाट बोलीचे शब्द कोशात नोंदवायचे, अशा दोन्ही कामांत एकच माणूस वाटेकरी होता. परिभाषा ठरवणाऱ्या कँडी यांच्यावर टीका करताना कोशकार कँडी यांचा विसर पडतो.

हिंदीने पूर्णविरामासाठी जुना उभा दंड राखला, मराठी गद्याने टिंब घेतले. दंड आपल्याकडे ओव्या-अभंगांपुरता उरला. पुण्यात आणि मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झालेल्या या निवडीमागे छापखान्यांची सोय होती, शाळाखात्याची सत्ता होती आणि एका चिकाटीच्या तपासनिसाची लेखणीही होती.

उतारवयात कँडी महाबळेश्वरी होते. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात येऊन त्यांना तोवर जवळजवळ ५५ वर्षे झाली होती. निबंधमाला तेव्हा ऐन भरात होती आणि तिचे अंक विरामचिन्हांसह दरमहा पुण्यातून निघत होते.