आल्फ्रेद बिने : स्वतःच्या नजरेवर संशय घेणारा संशोधक

माणसाची पारख आपल्याला चांगली साधते, असा बहुतेकांचा समज असतो. शिक्षक मुलाच्या डोळ्यांतली चमक पाहून त्याची बुद्धी सांगतात, वैद्य चेहऱ्यावरून स्वभाव ओळखतात, आणि चुकले तरी आत्मविश्वास ढळत नाही. बुद्धिमापनाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या आल्फ्रेद बिने यांनाही उमेदीच्या वयात आपल्या नजरेची अशीच खात्री होती. ती कशी गेली, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील वैद्य, आईला चित्रकलेची आवड. आईवडील विभक्त झाल्यावर आईनेच त्यांना वाढविले. १८७८ मध्ये त्यांनी पॅरिसला कायद्याची पदवी घेतली, वैद्यकाकडे वळून तेही सोडले, आणि मग ते राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागले. मानसशास्त्राचा एकही वर्ग त्यांनी केला नाही. जे शिकले ते तेथील ग्रंथांतून. या मार्गाचे तोटेही होते. १८८० मध्ये स्पर्शसंवेदनेवर त्यांनी पहिला लेख लिहिला, तेव्हा बेल्जियमचे प्राध्यापक देलबफ यांनी त्यातील उणिवा निर्दयपणे दाखवून दिल्या. या गृहस्थांशी त्यांची गाठ पुन्हा पडायची होती.

पुढे बिने साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांच्या हाताखाली संमोहनाचा अभ्यास करू लागले. तेथे फेरे या सहकाऱ्यासह त्यांनी एक विलक्षण शोध जाहीर केला. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की उजव्या हाताचा लुळेपणा डाव्या हातात जातो, इतकेच काय, मनातली भावनाही उलटते! प्रयोग पुनःपुन्हा यशस्वी होत होते. १८८५ च्या सुमारास देलबफ स्वतः पॅरिसला आले आणि त्यांना दिसले ते साधे होते. चुंबक सर्वांसमक्ष हाताळला जाई. आता काय घडणार याची चर्चा रुग्णासमोरच चाले, जणू तिला कान नाहीतच. पुढे होणारे परिणाम रुग्णाला कळू न देता देलबफ यांनी प्रयोग करून पाहिले, आणि चुंबकाचा सारा प्रभाव नाहीसा झाला. बिने आधी हट्टाला पेटले, जोरदार उत्तरे देत राहिले. पण काही वर्षांनी त्यांनी चूक मान्य केली व १८९० च्या सुमारास ते रुग्णालय सोडले. अपमानाने कडवट होणारी माणसे पुष्कळ असतात. बिने यांनी त्या अपमानाचाच अभ्यासविषय केला. १९०० साली त्यांनी सूचनवशतेवर ग्रंथ लिहिला. प्रश्न विचारण्याच्या नुसत्या ढंगाने शाळकरी मूल कसे भलते उत्तर देते, हे त्यात प्रयोगांनी दाखविले आहे.

मधल्या काळात घर हीच त्यांची प्रयोगशाळा झाली होती. मादलेन आणि आलिस या दोन लहान मुली. मादलेन चालायला शिकली ती एका आधारावरून दुसऱ्या आधारापर्यंत, जपून. आलिस मात्र बेधडक खोलीच्या मध्यभागी जाई. एकाच घरातल्या दोघी, पण विचार करण्याची तऱ्हा अगदी निराळी. बुद्धी एखाद्या साध्या मोजपट्टीने मोजता येईल हा विचार बिने यांना पटेना, त्याचे मूळ बरेचसे येथे असावे. सॉर्बोनच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत १८९२ च्या सुमारास ते रुजू झाले व पुढे तिचे संचालक झाले. १८९५ मध्ये त्यांनी मानसशास्त्राचे वार्षिक सुरू केले. प्राध्यापकपद मात्र त्यांना कधीच लाभले नाही.

त्या काळी डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते असे विद्वानही मानत. बिने शाळांतून डोकी मोजू लागले. हुशार आणि मंद मुलांत फरक निघे तो जेमतेम मिलिमीटरभर. मग त्यांच्या मनात शंका आली, की मूल हुशार आहे हे आधीच ठाऊक असल्याने आपला हातच तर ते माप वाढवीत नाही? त्यांनी फेरमोजणी केली. मापनातली चूकच शोधत असलेल्या फरकाएवढी भरली. त्यांनी ते जसेच्या तसे छापले आणि त्या वेळेपुरती मोजपट्टी खाली ठेवली.

फ्रान्समध्ये १८८२ पासून शिक्षण सक्तीचे होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे, हे ठरविण्यासाठी १९०४ मध्ये सरकारने समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. एकाच मुलाविषयी निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेले दाखले त्यांनी तपासले, तेव्हा ते एकमेकांशी जुळत नव्हते. आणि अशा दाखल्यावर मुलाचे आयुष्य ठरणार होते! म्हणून तरुण डॉक्टर तेओदोर सिमों (आपल्या पाठ्यपुस्तकांतले सायमन ते हेच) यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये चढत्या क्रमाच्या ३० प्रश्नांची कसोटी रचली. जळती काडी नजरेने टिपण्यापासून अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंत तिचा पल्ला होता. प्रश्न सर्वांना सारखेच विचारायचे, उत्तर सुचवायचे नाही, हा दंडक होता. त्यामागे साल्पेत्रिएरचा धडा उघड दिसतो. १९०८ मध्ये वयानुसार मांडणी झाली. मिळालेले माप जन्मजात व कायमचे असते, हे मात्र त्यांनी कधी मान्य केले नाही. मागे पडलेल्या मुलांचे अवधान वाढावे म्हणून पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचे खेळही त्यांनी सुचविले.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, बिने निवर्तले. बुद्धिगुणांकाची कल्पना त्यांची नव्हे. ती १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्न यांनी मांडली. अमेरिकेत तर हीच कसोटी माणसांवर जन्मजात बुद्धीचे शिक्के मारण्यासाठी वापरली गेली, आणि हे पाहायला बिने उरले नव्हते. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले; त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.