दानवीर श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद : वैभव, नादारी आणि पुनरुत्थान

मुंबई विद्यापीठाच्या प्रांगणातील राजाबाई मनोरा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र तो ज्यांच्या दानातून उभा राहिला, त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या जीवनातील नादारीचे प्रकरण फारसे सांगितले जात नाही. वास्तविक, व्यापारी समाजाला सर्वाधिक बोध त्याच प्रकरणातून मिळतो.

प्रेमचंदशेठ यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका ओसवाल जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद उद्योगासाठी मुंबईस आले. मुलास त्यांनी इंग्रजी शिक्षण दिले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारे पहिले देशी दलाल अशी प्रेमचंदशेठांची ख्याती झाली. तल्लख स्मरणशक्ती आणि शब्दाची पत या भांडवलावर ते अल्पावधीत बाजाराचे अग्रणी बनले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका व कंपन्या रोज नव्याने निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीचे सूत्रधार प्रेमचंदशेठ होते. बँक ऑफ बॉम्बेमध्ये त्यांचा शब्द इतका चाले की, पुरेशा तारणावाचूनही कर्जे दिली गेली. हा दोष चरित्रकाराने झाकू नये.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी कोणी कोणाचे देणे देऊ शकेना. एकाच्या बुडण्याने दुसरा बुडाला. पुढे जुनी बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदशेठांचे वैभवही या लाटेत वाहून गेले.

अशा वेळी कायदा काय करतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. धनको न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळवतो. परंतु हुकूमनामा म्हणजे रोकड नव्हे. वसुलीसाठी जप्ती आणावी लागते, आणि त्या काळी ऋणकोस दिवाणी तुरुंगातही टाकता येई. तुरुंगातील माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा? शिवाय जो धनको प्रथम पोहोचे तो मालमत्ता उचली; मागून येणारे रिक्तहस्त राहत.

मुंबईत त्या वेळी १८४८ चा नादारीचा कायदा लागू होता. ऋणकोने आपली सर्व देणी व मालमत्ता यांची यादी न्यायालयापुढे ठेवावी. मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या ताब्यात जावी. तिची विक्री होऊन प्रत्येक धनकोस प्रमाणशीर हिस्सा मिळावा. आणि प्रामाणिक ऋणकोस अटकेपासून संरक्षण व अखेर मुक्तता मिळावी, अशी त्याची योजना होती. लबाडी करणाऱ्यास मात्र ही सवलत नाकारता येई. १८६५ ची आपत्ती एवढी मोठी होती की, अडचणीतील व्यापाऱ्यांचे व्यवहार त्वरेने मिटावेत यासाठी त्याच वर्षी २८ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला.

प्रेमचंदशेठ खचले नाहीत. वैभव गेले तरी ते मुंबई सोडून गेले नाहीत. पुन्हा दलालीचा व्यवसाय करीत त्यांनी बाजारात मान मिळवला. १८७५ मध्ये देशी शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची गंगोत्री होय. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदशेठांचे नाव आदराने घेतले जाते.

हाती होते तेव्हा त्यांनी सढळपणे दिले, आणि दिलेलेच टिकले. १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्री राजाबाईंच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले. १८६९ मध्ये पायाभरणी झालेला मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत पाळणाऱ्या अंध मातेस घंटानादाने वेळ कळावी म्हणून तो बांधला, अशी आख्यायिका आहे. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या दोन लाखांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. सुरतेची कन्याशाळा आणि भरूचचे ग्रंथालय त्यांच्या पित्याच्या नावाने उभे राहिले. १९०६ मध्ये प्रेमचंदशेठांचे निधन झाले.

परिग्रहास मर्यादा घालावी, ही आपल्या श्रावकधर्माची शिकवण आहे. प्रेमचंदशेठांचे जीवन ती दोन्ही बाजूंनी पटवते. मर्यादा सुटली तेव्हा सारे गेले, आणि त्यात अनेकांचे संसार होरपळले. परंतु पडलेल्या माणसास उभे राहण्यास वाव मिळाला, तर तो समाजाच्या पुन्हा उपयोगी पडतो, हेही त्यांनी दाखवले. देणे बुडवण्याच्या हेतूने नादारी घेणे हे अदत्तादानच होय. सर्व काही उघड करून, आहे ते धनकोंच्या स्वाधीन करणाऱ्या बांधवास मात्र आपण पंगतीतून उठवू नये. क्षमापनेचा धर्म मानणाऱ्या समाजाला याहून अधिक काय सांगावे?

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी त्या उदारचरित श्रेष्ठींना विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र!